पाऊस आणि आकाशातला डोळा

आजचा इतिहास तसा ताजा आहे. कॅमेऱ्याचा ड्रोन पावसात उडवायला इतका वेळ का लागला?

सुरुवात करू १८५८ पासून. नादार नावाच्या फ्रेंच छायाचित्रकाराने पॅरिसजवळ बलूनमधून पहिला हवाई फोटो काढला. तेव्हा काचेवर रसायन लावायचं, ते ओलं असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. म्हणून अख्खी डार्करूम बलूनच्या टोपलीत न्यावी लागली! तेव्हा काच वाळली की फोटो गेला. आज पाणी शिरलं की ड्रोन गेला.

आता येऊ २०१३ ला. त्या जानेवारीत डीजेआयचा फॅंटम बाजारात आला आणि हौशी लोकांच्या हातात ड्रोन पोचला. त्याच जूनमध्ये केदारनाथचा महापूर आला. बचावकार्यात २५ जूनला खराब हवेत हवाई दलाचं एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळलं, २० जण गेले. माणूस न बसवता वरून बघता आलं तर किती जीव वाचतील, हे तेव्हा नीट कळलं. अडकलेल्यांना शोधायला त्या पुरात 'नेत्र' हा छोटा ड्रोन वापरला गेला. तो बनवला होता आयआयटी मुंबईच्या मुलांच्या आयडियाफोर्जने, डीआरडीओच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेसोबत. '३ इडियट्स'मधला ड्रोन आठवतोय? तोही याच मुलांचा.

पण पूर म्हटला की पाऊस आलाच, आणि ड्रोनचं नेमकं तिथेच अडतं. मोटर पाण्याला फारशी घाबरत नाही, तिच्या तांब्याच्या तारेवर लाखेसारखा थर असतो. मरतात ते सर्किट बोर्ड, बॅटरीचे कनेक्शन, उंची मोजणारा सेन्सर आणि कॅमेरा स्थिर ठेवणारा गिंबल. मग बॉडी सील का नाही करायची? कारण आतली चिप तापते, तिला हवा लागते. भोकं बुजवली तर उष्णता कोंडते, ठेवली तर पाणी शिरतं. शिवाय सील आलं की वजन वाढतं, आणि वजन वाढलं की उडायचा वेळ कमी होतो.

हे कोडं हळूहळू सुटलं. २०१७ चं मॅट्रिस २०० आयपी४३ रेटिंग घेऊन आलं, २०२० चं मॅट्रिस ३०० आयपी४५. यातला दुसरा आकडा पाण्याचा. ३ म्हणजे वरून आणि तिरकस येणारे फवारे, ५ म्हणजे पाण्याची धार. पण ही चाचणी नव्या मशीनची असते बरं का! वापरात रबर झिजतं, आणि लेन्सवर बसलेला थेंब कुठलंच रेटिंग पुसत नाही.

म्हणून रेटिंगकडे परवानगी म्हणून बघू नका. लग्नाच्या शूटिंगला पाऊस आला तर ड्रोन खाली घ्या, फोटो उद्या निघेल. पुरात छपरावर बसलेल्या माणसाला मात्र उद्यापर्यंत थांबता येत नाही. पावसात उडणारा ड्रोन खरा हवाय तो त्याच्यासाठी.

भेटू पुढच्या भागात!