निःशब्द तारांचा रियाज

विद्युत गिटार ध्वनिवर्धकाला न जोडता तिच्यावर रियाज करावा, म्हणजे हात सुधारतो, असे गिटारवादक एकमेकांना सांगत असतात. हा उपदेश दिसतो तितका नवा नाही. 1753 साली बर्लिन येथे कार्ल फिलिप इमॅन्युएल बाख (थोर योहान सेबास्टियन बाख यांचे हे चिरंजीव) यांनी स्वरपट्टीच्या वाद्यांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्याला क्लॅव्हिकॉर्ड उत्तम वाजवता येते त्याला हार्पसिकॉर्डही वाजवता येईल, उलट मात्र होणार नाही, असे त्यांनी त्यात प्रतिपादन केले.

क्लॅव्हिकॉर्डचा आवाज अतिशय क्षीण. परंतु त्याच्या पट्टीच्या टोकावरील पितळी जिभली तारेवर आघात करून तेथेच टेकून राहते. बोट उचलीपर्यंत वादकाचा तारेशी संबंध तुटत नाही आणि दाब किंचित बदलला तरी स्वर हलतो. हार्पसिकॉर्डवर तार छेडली गेली की वादकाच्या हाती फारसे काही उरत नाही. ऑर्गनवादकांची अडचण निराळीच होती. भाता चालविणारा माणूस असल्याशिवाय ते वाद्य बोलत नसे, आणि हिवाळ्यात ख्रिस्तमंदिरे गारठलेली! म्हणून जर्मन प्रदेशांत पायपट्ट्या जोडलेल्या क्लॅव्हिकॉर्डवर घरीच सराव होत असे.

गिटारची कथा नेमकी उलट दिशेने घडली. नृत्यवृंदातील कर्ण्यांपुढे तिचा आवाज बुडून जाई. जॉर्ज बीचम व अडॉल्फ रिकनबॅकर यांनी 1932 साली चुंबक व तारेचे वेटोळे बसविलेली ॲल्युमिनियमची गिटार बाजारात आणली. पोलादी तारेच्या कंपनाने वेटोळ्यात वीजप्रवाह निर्माण होतो. तोच ध्वनिवर्धकात मोठा केला जातो. 1936 ची गिब्सन गिटार मात्र पोकळ होती. 1939 मध्ये बेनी गुडमन यांच्या वृंदात दाखल झालेल्या चार्ली ख्रिश्चन यांनी तिला कीर्ती मिळवून दिली. परंतु पोकळ पेटी ध्वनिवर्धकाचा आवाज पुन्हा शोषून शीळ घाली. त्यावर उपाय म्हणून लेस पॉल यांनी 1941 च्या सुमारास पाईनच्या भरीव ओंडक्यावर तारा चढविल्या; 1950 पासून लिओ फेंडर यांच्या भरीव गिटारी विकल्या जाऊ लागल्या. विजेविना जवळजवळ मुके असे वाद्य जन्मले ते असे.

या मुकेपणाचाच वादकाला उपयोग होतो. ध्वनिवर्धक मोठा केला की दुबळा व जोरकस आघात जवळजवळ सारखेच ऐकू येतात आणि प्रतिध्वनी दोन स्वरांमधली फट बुजवून टाकतो. नुसत्या तारेवर तसे होत नाही. बोट पडदीपासून दूर पडले तर तार खरखरते, उजव्या हाताचा आघात असमान झाला तर स्वर लंगडतो, आणि ते लपवायला काहीही नसते.

तरीही केवळ अशाच रियाजावर विसंबणे मला धोक्याचे वाटते. आवाज पुरेसा येत नाही म्हणून हात नकळत जड होतो. शिवाय न वाजविलेल्या तारांची गुणगुण विजेविना ऐकूच येत नाही. त्यामुळे त्या तळहाताने दाबून ठेवण्याची कला शिकायची राहून जाते. जे सदैव क्लॅव्हिकॉर्डच वाजवितात त्यांची हार्पसिकॉर्डवर पंचाईत होते, असे बाख यांनीही त्याच ग्रंथात नोंदविले आहे. म्हणून प्रत्येकाजवळ दोन्ही वाद्ये असावीत, असा त्यांचा आग्रह होता. गिटारवादकाला दुसरे वाद्य विकत घ्यावे लागत नाही. जोडतार काढली की काम भागते.