सॉफ्टवेअरला कसा संगणक लागतो? : लिंक्ड डेटामधील हार्डवेअर-गरजांच्या मॅपिंगचा इतिहास

पूर्वी सॉफ्टवेअरच्या खोक्यावर एक चौकट छापलेली असे: किमान इतकी रॅम, अमुक प्रोसेसर, डिस्कवर इतकी मोकळी जागा. घेणारा ती वाचून आपल्या संगणकाशी ताडून पाही. हे काम यंत्रालाही करता यावे, म्हणून अशी माहिती लिंक्ड डेटाच्या शब्दसंग्रहांत नोंदवली जाऊ लागली. मात्र शब्दसंग्रह एकच राहिला नाही. एका शब्दसंग्रहातील गुणधर्म दुसऱ्यातील कोणत्या गुणधर्माशी जुळतो हे ठरवणे म्हणजे मॅपिंग. त्याचा इतिहास पाहताना एक प्रश्न समोर ठेवू: नाव जुळले म्हणजे अर्थ जुळतो का?

तीन शब्दसंग्रह, तीन हेतू

वेबवरील माहितीचे वर्णन करणारी आरडीएफ ही चौकट डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने १९९९ मध्ये शिफारस म्हणून प्रसिद्ध केली. तिच्याच आधारे जानेवारी २००४ मध्ये सीसी/पीपी हे मानक आले. मोबाईलसारख्या उपकरणाला साजेसे पान पाठवता यावे, यासाठी त्यात उपकरणाच्या क्षमता नोंदवण्याची सोय होती. म्हणजे यंत्राजवळ काय आहे, याचे ते वर्णन होते.

त्याच वर्षी एड डंबिल यांनी मुक्त स्रोत प्रकल्पांच्या नोंदीसाठी डीओएपी हा शब्दसंग्रह तयार केला. त्यात ऑपरेटिंग सिस्टिम आणि प्लॅटफॉर्म यांना जागा आहे. रॅम किंवा डिस्क यांसाठी स्वतंत्र गुणधर्म नाही.

२०११ मध्ये गूगल, बिंग आणि याहू यांनी मिळून स्कीमा डॉट ऑर्ग सुरू केले. त्यातील सॉफ्टवेअर ॲप्लिकेशन या प्रकारात मेमरी, प्रोसेसर आणि साठवण यांच्या गरजांसाठी वेगवेगळे गुणधर्म आहेत. खोक्यावरची चौकट येथे पुन्हा दिसते, आणि बहुतांशी साध्या मजकुराच्या रूपातच दिसते.

पुढे संशोधनातील सॉफ्टवेअरसाठी कोडमेटा हा प्रकल्प उभा राहिला. २०१७ मधील त्याच्या २.० आवृत्तीने बहुतेक शब्द स्कीमा डॉट ऑर्गमधूनच घेतले. सोबत ‘क्रॉसवॉक’ नावाचा तक्ता ठेवला: ओळीत गुणधर्म, स्तंभात निरनिराळे शब्दसंग्रह व पॅकेज-नोंदी.

गाठ कुठे पडते?

पहिले उदाहरण ऑपरेटिंग सिस्टिमचे. डीओएपीमध्ये हा गुणधर्म प्रकल्प ज्या सिस्टिमपुरता मर्यादित आहे ती सांगतो. मर्यादा नसेल तर तो लिहूच नये, अशी सूचना आहे. स्कीमा डॉट ऑर्गमध्ये मात्र सॉफ्टवेअर ज्या सिस्टिमवर चालते ती लिहायची. प्रकल्प लिनक्सपुरता मर्यादित असेल, तर तो लिनक्सवर चालतो हे खरे. उलट, लिनक्सवर चालतो म्हणून तो इतरत्र चालत नाही, असे म्हणता येत नाही. ओडब्ल्यूएलमधील ‘समान गुणधर्म’ हा संबंध दोन्ही दिशांनी निष्कर्ष काढू देतो, म्हणून तो येथे चुकीचा ठरतो. आरडीएफ स्कीमामधील ‘उपगुणधर्म’ हा एकाच दिशेचा संबंध योग्य.

दुसरे उदाहरण रॅमचे. समजा, नोंद आहे ‘४ जीबी’. हा मजकूर आहे, संख्या नाही. शिवाय १९९८ मध्ये आयईसीने किबी, मेबी, गिबी ही द्विमान उपसर्गांची नावे ठरवली, तरी व्यवहारात जीबी दोन्ही अर्थांनी चालू राहिले. ४ गिगाबाइट म्हणजे ४,००,००,००,००० बाइट. ४ गिबीबाइट म्हणजे ४,२९,४९,६७,२९६. तेव्हा मजकुराचे संख्येत रूपांतर करताना एककही नोंदवावे लागते.

तिसरी गोष्ट याहून मूलभूत आहे. उपकरणाची रॅम ही क्षमता, तर सॉफ्टवेअरची रॅम ही किमान गरज. दोन्हीत ‘मेमरी’ हा शब्द आहे म्हणून त्या समान मानल्या, तर ४ जीबी मागणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी ८ जीबीचा संगणक ‘जुळत नाही’ असे उत्तर येईल. येथे समानतेचा संबंध नसून तुलनेचा आहे: क्षमता गरजेइतकी किंवा अधिक हवी.

रिकाम्या चौकटीचा अर्थ

जुने संगणक असलेल्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेसाठी यंत्राने सॉफ्टवेअर निवडायचे झाले, तर अशा चुकांमुळे चालणारे सॉफ्टवेअर यादीतून गळते आणि न चालणारे यादीत येते. तक्त्यातील रिकामी चौकटही जपून वाचावी. डीओएपीच्या स्तंभात रॅमपुढे काही नाही, याचा अर्थ रॅमची गरज नाही असा नव्हे. त्या शब्दसंग्रहाने तो प्रश्न विचारलेलाच नाही. ती चौकट भरण्यासाठी जवळचा वाटणारा ‘प्लॅटफॉर्म’ तेथे बसवण्यापेक्षा ती रिकामी ठेवणे अधिक बरोबर. म्हणून मॅपिंग करताना गुणधर्माच्या नावाआधी त्याची व्याख्या वाचावी आणि तो शब्दसंग्रह कोणत्या कामासाठी तयार झाला होता, हे पाहावे.