एरंडोलचा कागद, बोरू आणि काजळाची शाई

१/ इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निधन झाले. त्यांनी गावोगाव हिंडून जमवलेल्या कागदपत्रांच्या जतनासाठी पुढच्याच वर्षी तेथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. अशा दप्तरांतील मजकुरावर विपुल लेखन झाले. मजकूर ज्यावर उतरला त्या कागदावर आणि शाईवर फारच थोडे. हा धागा त्यांच्याविषयी.

२/ कागदाचे एक गाव खानदेशातच होते. अंजनी नदीकाठचे एरंडोल, आजचा जळगाव जिल्हा. जाड देशी कागदासाठी एरंडोल एकेकाळी प्रसिद्ध होते आणि तो उद्योग अल्प प्रमाणात तग धरून आहे, अशी नोंद ब्रिटिश गॅझेटियरात आढळते. दख्खनेत जुन्नर आणि दौलताबादजवळचे कागजीपुरा हीदेखील अशीच केंद्रे. हा व्यवसाय मुख्यतः मुसलमान कागदी कुटुंबांच्या हाती होता.

३/ देशी कागदाचा कच्चा माल म्हणजे टाकाऊ वस्तू: तागाची जुनी गोणपाटे, दोर, चिंध्या. त्या चुन्याच्या पाण्यात मुरवायच्या, कुटायच्या, नदीवर धुवायच्या, असे पुनःपुन्हा. मग लगदा हौदात कालवून बारीक काड्यांच्या चाळणीवर एकेक ताव उचलायचा आणि भिंतीवर चिकटवून वाळवायचा.

४/ शेवटी तावाला खळ लावून तो गुळगुळीत दगडाने घोटत. ही केवळ शोभा नव्हती. बोरूचे टोक कठीण असते. कच्च्या कागदावर ते तंतूंत अडकते आणि शाई पसरते. मोडी तर हात शक्यतो न उचलता, भरधाव लिहायची लिपी. घोटलेल्या कागदाशिवाय तो वेग साधलाच नसता.

५/ शाई मुख्यतः काजळाची. दिव्याचे काजळ आणि बाभळीचा डिंक पाण्यात दीर्घकाळ खलायचा. काजळ म्हणजे कार्बन. तो उन्हाने फिकट होत नाही. पाण्याने मात्र डिंक सुटतो आणि अक्षर पुसट होते. हिराकस घातलेल्या शाईचा दोष निराळा: ती कालांतराने कागदच खाते.

६/ जपानी ‘सुमी’ शाईचे मूळही काजळच. तेथे डिंकाऐवजी प्राण्यांपासून काढलेला सरस मिसळून कांड्या पाडतात आणि लिहिताना त्या दगडावर पाण्यात उगाळतात. लेखणी म्हणून मऊ कुंचला असल्यामुळे सुलेखनाला शाई शोषणारा कागद चालतो, नव्हे, हवाच असतो. काजळ एकच, लेखणी बदलली आणि कागदाचा स्वभाव बदलला.

७/ यंत्राचा कागद दोन्हीकडे आला. जपानात मात्र सुलेखन शाळेत राहिले आणि कलेतही. १९५२ साली स्थापन झालेल्या ‘बोकुजिनकाई’ या गटाने तर त्याला आधुनिक चित्रकलेच्या शेजारी नेऊन बसवले. हातकागदाला आणि शाईला गिऱ्हाईक उरले. २०१४ साली तिथल्या हातकागदाच्या परंपरेला युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळाले.

८/ इकडे कचेऱ्यांत गिरणीचा कागद आला, बोरूच्या जागी टाक आला, छापखान्यांनी बाळबोध लिपी रूढ केली आणि पुढे मोडी शाळेतूनही गेली. कागद्याचा ग्राहक असा चहूबाजूंनी नाहीसा झाला. १९३४ साली वर्ध्यात स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाने हातकागदाला पुन्हा हात दिला. १९३६ साली खानदेशातच, फैजपूरला, काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. १९४० साली पुण्यात हातकागद संस्था निघाली. हातकागद त्यामुळे जगला. पण बोरूसाठी घोटलेला, रोजच्या हिशेबाचा कागद परतला नाही.

९/ दप्तरातील पत्रावर लिहिणाऱ्याचे आणि ज्याला लिहिले त्याचे नाव सापडते. कागद करणाऱ्याचे सापडत नाही. देशी तावावर विलायती कागदासारखे जलचिन्हही नसे. तरीही शतकांपूर्वीचा जमाखर्च आज वाचता येतो, तो त्या अनाम हातांनी केलेल्या कुटण्याघोटण्यामुळे. आता कागद टिकून आहे आणि त्यावरची मोडी वाचणारे विरळ होत आहेत. दप्तर जपणे म्हणजे कागद जपणे खरेच. पण तो वाचू शकणारा डोळाही त्याच्याबरोबर जपावा लागतो.