पाच मिलिमीटरचं घराणं

धार जिल्ह्यातल्या पीथमपूरच्या कारखान्यात 2018 पासून जावा मोटारसायकल नव्याने बनू लागली. सुरुवातीच्या मॉडेलांत सिलिंडरचा व्यास 76 मिमी आणि पिस्टनची धाव 65 मिमी होती. मागून जावाचंच पेराक हे मॉडेल आलं. तिची धाव तीच, 65. व्यास मात्र 81. एवढ्या पाच मिलिमीटरांनी कागदोपत्री 293 सीसीचं इंजिन 334 सीसीचं झालं. धाव तशीच ठेवून सिलिंडर रुंद करायचा, ही गॅरेजातली जुनी युक्ती. तिला आता ‘बिग बोअर’ म्हणतात, आणि इथे ती कंपनीनेच स्वतःच्या इंजिनावर केली. फरक इतकाच की कंपनीने ती चाचण्या घेऊन, नव्या नावाने आणि नव्या नोंदणीने केली.

याच जिल्ह्यात, मांडूच्या अलीकडे, नालछा लागतं. माळव्याच्या सुलतानांच्या महालांचं आणि बागांचं हे गाव. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश अधिकारी जॉन माल्कमने इथलाच एक पडका महाल नीट करून तिथे मुक्काम ठोकला होता. आज तिथल्या रस्त्यावर शंभर सीसीची कम्यूटर गाडी दोन माणसं आणि एक पोतं घेऊन विंध्याचा चढ चढते. ती स्प्लेंडर असेल तर तिचा व्यास 50 मिमी, धाव 49.5, सीसी 97.2. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकणारी गाडी ज्याच्या नशिबी आहे, त्याला ‘थोडं इंजिन मोठं करता येईल का’ हा प्रश्न पडायला शर्यतीचं वेड लागत नाही.

बिग बोअरची कुळकथा सांगताना लोक बहुधा शर्यतीच्या मैदानापासून सुरू करतात. मला ते पटत नाही. बिग बोअर ही दुरुस्तीची लेक. शर्यत हे तिचं सासर.

मूळ पुरुष मात्र दुरुस्तीवालाही नव्हता, तोफांवाला होता. जॉन विल्किन्सनने 1774 मध्ये भरीव ओतलेल्या लोखंडी तोफेला नळीचं भोक पाडायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्याच सुमाराला जेम्स वॉट एका साध्या अडचणीत रुतून बसला होता. वाफेच्या इंजिनाची कल्पना तयार होती, पण पिस्टन घट्ट बसेल असा गोल सिलिंडर कुणाला कोरता येत नव्हता. सगळीकडून वाफ निसटायची. विल्किन्सनने कोरणारा दांडा सिलिंडरच्या आरपार नेला आणि दोन्ही टोकांना आधार दिला, त्यामुळे हत्यार मध्येच वाकेना. 50 इंच व्यासाच्या सिलिंडरमध्ये जुन्या शिलिंगच्या जाडीइतकीही चूक नाही, असं वॉटचा भागीदार बोल्टन याने 1776 मध्ये कळवलं होतं. आजचा बोअरवाला, म्हणजे सिलिंडर कोरून देणारा मिस्त्री, ही चूक ऐकून हसेल. त्याचा हिशेब मिलिमीटरच्या शंभराव्या भागात चालतो.

पुढची पिढी दुरुस्तीची. ओतीव लोखंडाचा सिलिंडर झिजतो, आणि सारखा झिजत नाही. कनेक्टिंग रॉड तिरका असताना पिस्टन एका बाजूला जास्त रेटला जातो. त्या बाजूची भिंत जास्त खाल्ली जाते आणि गोल भोक लंबगोल होतं. रिंगा कितीही नव्या घाला, फटीतून तेल वर जाणार आणि गाडी निळा धूर सोडणार. यावर उपाय एकच: भोक थोडं मोठं करून पुन्हा गोल करायचं आणि त्यात तेवढा मोठा पिस्टन घालायचा. म्हणून कंपन्या ओव्हरसाइज पिस्टन विकू लागल्या. पॉइंट पंचवीस, पॉइंट पन्नास, पॉइंट पंचाहत्तर, मग पूर्ण एक मिलिमीटर. चौथ्या साइजनंतर ब्लॉक भंगारात किंवा नवी स्लीव्ह.

या दुरुस्तीत एक गोष्ट न मागता पदरात पडायची. व्यास 58 चा 59 झाला की 50 मिमी धावेच्या इंजिनात साडेचार सीसी वाढतात. गिऱ्हाईक धूर बंद करायला आलेलं असतं आणि जाताना म्हणतं, गाडी आता जरा जास्त ओढते. यात रिंगांनी पुन्हा धरलेल्या कॉम्प्रेशनचा वाटा मोठा असतो, हे खरं. पण व्यास वाढवला की ताकद वाढते, हे या रिबोअरिंगने हजारो मिस्त्र्यांना हाताने शिकवलं.

शर्यतवाल्यांनी हे उचललं आणि ‘थोडं’ हा शब्द गाळला. अमेरिकेत क्लाइड वाइझमनने 1941 मध्ये आपल्या गॅरेजात पिस्टन बनवायला घेतले. त्यातून वाइझको ही कंपनी उभी राहिली. जपानात फुकुओकाचा हिदेओ योशिमुरा 1954 पासून लष्करी तळावरच्या अमेरिकी सैनिकांच्या मोटारसायकली पळत्या करून द्यायचा. होंडाची सीबी 750 आल्यावर तिला 812 सीसीची करणारं त्याचं किट नावाजलं गेलं.

छोट्या डर्ट बाइकची शाखा आणखी मजेशीर आहे. होंडाने 1961 मध्ये टोकियोच्या तामा टेक या करमणूक-उद्यानासाठी पोरांच्या खेळाची एक बुटकी गाडी केली. तिच्या घराण्यातून ‘मंकी’ आली आणि पुढे सीआरएफ 50 सारख्या पोरांच्या डर्ट बाइक. इंजिन सुपर कब घराण्याचं, आडव्या सिलिंडरचं. स्प्लेंडरचं इंजिनही त्याच कुळातलं, म्हणजे नालछ्याच्या रस्त्यावरची गाडी या पोरांच्या गाडीची चुलत बहीण लागते. पोरं मोठी झाली, बापांना गाडी आवडू लागली, आणि 49 सीसी कुणालाच पुरेना. 39 मिमी व्यासाच्या जागी 52 मिमीचा सिलिंडर बसवला की 41.4 मिमीच्या त्याच धावेत 88 सीसी होतात. व्यास एक तृतीयांशाने वाढला आणि सीसी जवळजवळ पावणेदोन पट झाले, कारण व्यासाचा वर्ग होतो. सगळी जादू या वर्गात आहे आणि सगळा धोकाही.

आपल्याकडे हा वारसा टू-स्ट्रोकवाल्यांनी चालवला. यामाहा आरएक्स 100 चा बोअर 50, धाव 50, 98 सीसी. पुढच्या आरएक्स 135 ची धाव तीच, बोअर 58, 132 सीसी. शंभरच्या गाडीवर एकशेपस्तीसचा ब्लॉक चढवणं हा उद्योग पुण्या-कोल्हापूरकडे आणि इंदुरातही जुन्या मिस्त्र्यांना पाठ आहे. त्यांनी त्याला किट वगैरे कधी म्हटलं नाही. किट हा शब्द खोक्याबरोबर आला: सिलिंडर, पिस्टन, रिंगा, पिन, गॅस्केट, सगळं एकाच डब्यात. अॅल्युमिनियमच्या सिलिंडरला आतून निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा कठीण मुलामा देण्याची पद्धत रुळली, आणि साध्या लेथवर तो सिलिंडर कोरून मोठा करणं संपलं. मग अख्खा सिलिंडरच बदला. मिस्त्रीची कला पार्सलात आली, असं मी म्हणेन, आणि त्याचं मला थोडं वाईटही वाटतं.

पार्सलात न येणाऱ्या गोष्टीच पुढे गाडी खातात. हेड तेच राहिलं आणि खालचा सिलिंडर मोठा झाला, की कॉम्प्रेशन वाढतं; साधं पेट्रोल ठोके देऊ लागतं. इंजिनाची हवा वाढते, म्हणून कार्बोरेटरचा जेट मोठा लागतो. तो बदलला नाही तर मिश्रण पातळ पडतं, पिस्टन तापतो आणि इंजिन सीझ होतं. टू-स्ट्रोकमध्ये बोअर मारल्यावर पोर्टांच्या कडा घासून बोथट केल्या नाहीत, तर रिंग त्यांत अडकून तुटते. शिवाय क्रँक, क्लच आणि ब्रेक जुन्या ताकदीच्या हिशेबाने बनलेले असतात. ब्रेकची आठवण तर फार थोड्यांना होते.

कायदाही इथे आड येतो. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे गाडी नोंदणीपत्रातल्या तपशिलांपेक्षा वेगळी होईल असा फेरफार करता येत नाही, आणि सीसी हा त्यातलाच एक तपशील. कंपनीने 76 चे 81 केले तेव्हा तिने नव्या मॉडेलला मान्यता घेतली. गॅरेजात केलेल्या 58 ला तशी मान्यता नसते. म्हणून वाढवलेला बोअर बंदिस्त मैदानावरच चालवावा. रस्त्यावरच्या गाडीला तो लावू नये, मग मांडूचा चढ कितीही दमवो. त्या चढासाठी मागचं स्प्रॉकेट दोन दातांनी मोठं करणं स्वस्त पडतं आणि इंजिनही उघडावं लागत नाही.

ज्यांना मैदानासाठी करायचंच आहे त्यांनी क्रम चुकवू नये. आधी पिस्टन विकत घ्या, तो मायक्रोमीटरने मोजून घ्या, कंपनीने सांगितलेली फट त्यात मिळवा, आणि मगच ब्लॉक बोअरवाल्याकडे द्या. भोक पिस्टनला बघून पाडायचं असतं.