घराची पहिली बंदूक

श्रोतेहो, घरात प्रथमच बंदूक आणावयाची झाल्यास ती कोणती आणावी, हा प्रश्न शहरातील माणसाला काहीसा अपरिचित वाटेल. पेडणे आणि डिचोली या तालुक्यांतील डोंगरकडेच्या वाड्यांवर मात्र तो जुनाच आहे. भात पोटरीला आले की रानडुकरांचा कळप शेतात उतरतो. काजूला बोंडू धरले की माकडे येतात. गवा तर एका रात्रीत कुळागराची दैना करून जातो. त्यात घर एकाकी आणि शेजार हाकेच्या पलीकडचा. अशा वेळी घरातील तरुण मुलगा वडीलधाऱ्यांना विचारतो, ठासणीची घ्यावी की काडतुसाची दुनळी? की सरळ एखादे पिस्तूलच बरे? दुकानदार या प्रश्नाचे उत्तर किमतीच्या भाषेत देईल आणि हौशी माणूस नेमबाजीच्या भाषेत देईल. आज आपण ते या भूमीच्या इतिहासाला विचारून पाहू.

गोमंतकाची बंदुकीशी ओळख फार जुनी आहे. १५१० साली अफोंसो द आल्बुकर्कने आदिलशहाकडून गोवे घेतले, तेव्हा येथे बंदुका घडविणारे कसबी कारागीर होते. १५१३ मध्ये पोर्तुगालचा राजा दों मानुएल यास लिहिताना आल्बुकर्कने या कारागिरांची मुक्तकंठाने प्रशंसा केली असून त्यांच्या बंदुकांची बरोबरी बोहेमियातील बंदुकांशी केली आहे. बोहेमिया म्हणजे त्या काळच्या युरोपातील शस्त्रविद्येचे एक माहेरघरच. त्या बंदुका तोड्याच्या. सुताची जळती वात, म्हणजेच जामगी, चाप ओढताच रंजकावर टेकावी आणि बार उडावा, अशी त्यांची रचना होती. पावसात जामगी विझे, रात्री तिचा निखारा शत्रूला दुरून दिसे, आणि एक बार काढल्यानंतर दुसरा भरण्यास अवधी लागे. असे शस्त्र एकट्या शेतकऱ्याच्या कामाचे नव्हे. ते रांगेत उभ्या राहणाऱ्या शिपायाचे शस्त्र होय.

म्हणूनच या प्रदेशात बंदूक ही दीर्घकाळ कोणी स्वतः निवडलेली वस्तू नव्हती. ती धन्याने चाकराच्या हाती दिलेली वस्तू होती. पेडणे व डिचोली हे महाल सावंतवाडीकर भोसल्यांचे आणि पोर्तुगीजांचे सरहद्दीचे मुलूख. १७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने पेडण्यातील हळर्णचा किल्ला घेतला आणि त्याच किल्ल्याच्या नावावरून त्याला पुढे 'मार्केज द आलोर्ना' ही पदवी मिळाली. एका लहानशा गावाचे नाव पोर्तुगालच्या सरदारघराण्यात असे जाऊन बसले. पुढे १७८१ च्या सुमारास डिचोली पोर्तुगीजांच्या हाती गेली आणि कोल्हापूरकरांविरुद्ध मिळालेल्या मदतीच्या मोबदल्यात सावंतवाडीकरांनी १७८८ मध्ये पेडणेही दिले. या सर्व घडामोडींत बंदूक होती ती किल्ल्यावर, ठाण्यावर आणि वतनदाराच्या शिबंदीत. सामान्य कुणब्याच्या घरात कोयता, कुऱ्हाड आणि काठी एवढेच असे.

दिलेली बंदूक कोणाची, हा प्रश्न मात्र वारंवार उद्भवत राहिला. शेजारच्या सत्तरीत २६ जानेवारी १८५२ रोजी दीपाजी राणे यांनी नाणूसचा किल्ला घेतला आणि सरकारला तीन वर्षांहून अधिक काळ झुंजविले. सप्टेंबर १८९५ मध्ये तर सरकारी पलटणीतील मराठे शिपाईच बिथरले. त्यांना आफ्रिकेत मोझांबिकच्या मोहिमेवर धाडण्याचा हुकूम सुटला होता. त्यांनी तो झुगारला, शस्त्रांसह नाणूसची वाट धरली, आणि दादा राणे त्यांना जाऊन मिळाले. तो उठाव शमविण्यासाठी पोर्तुगालच्या राजाचा सख्खा भाऊ दों आफोंसो याला फौज घेऊन समुद्रपार यावे लागले. ज्या बंदुका राज्याने आपल्या रक्षणासाठी दिल्या, त्याच राज्यावर उलटल्या. शस्त्र स्वतः कोणाचेच नसते. ते ज्या हातात असते त्या हाताच्या हेतूचे असते, हे या घटनेने दाखवून दिले.

दरम्यान बंदुकीचे स्वरूपही पालटत होते. जामगीच्या जागी चकमकीचा दगड आला; एकोणिसाव्या शतकात चकमकीच्या जागी तांब्याची स्फोटक टोपी आली; आणि त्यानंतर दारू, शिसे व टोपी हे सर्व एकत्र सामावणारे काडतूस आले. युरोपातील सैन्यांनी जुन्या जातीच्या बंदुका टाकून दिल्या. कोकणपट्टीतील खेड्यांत मात्र टोपीवर चालणारी ठासणीची बंदूक टिकून राहिली. तोंडातून दारू ओतावी, बोळा घालावा, छर्रे सोडावेत, गजाने ठासावे आणि शेवटी टोपी चढवावी. काम सावकाशीचे, पण बंदूक स्वस्त, दुरुस्ती सोपी, आणि शेताच्या बांधावरून एक मोठा आवाज काढण्यास ती पुरेशी. राखणीसाठी बसलेल्या माणसाला याहून अधिक काही नको होते. सैन्याने टाकलेले शस्त्र शेतकऱ्याने स्वीकारले ते अज्ञानामुळे नव्हे. त्याची गरज निराळी होती आणि ती त्याला नेमकी ठाऊक होती.

आता कायद्याकडे वळू. सरहद्दीपलीकडे ब्रिटिश मुलखात १८७८ चा शस्त्र कायदा आला आणि हिंदी माणसाला परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले. युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. हा भेद आपल्या लोकांना फार झोंबला. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्कही नमूद होता. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी तो हक्क संविधानात घालण्याची सूचना मांडली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. असा हक्क मूलभूत मानला तर सराईत गुन्हेगारही तो सांगू लागेल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. सभेने सूचना फेटाळली. परकीय सत्तेने शस्त्र हिरावले म्हणून जो हक्क मोलाचा वाटत होता, तो स्वराज्यात विचारपूर्वक परवान्याच्या अधीन ठेवण्यात आला.

गोव्यात त्या वेळी पोर्तुगीज राज्य होते आणि शस्त्राचा प्रश्न अधिक तीव्रतेने उभा होता. त्याला दोन उत्तरे मिळाली, आणि दोन्ही याच भागातून. १५ ऑगस्ट १९५४ रोजी पेडण्याच्या टोकाशी असलेल्या तेरेखोलच्या किल्ल्यावर निःशस्त्र सत्याग्रहींनी तिरंगा फडकविला. पुढील वर्षी त्याच दिवशी पत्रादेवीच्या सरहद्दीवरून शेकडो सत्याग्रही रिकाम्या हातांनी आत शिरले आणि पोर्तुगीजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पंजाबचे कर्नेलसिंग तेथेच धारातीर्थी पडले. दुसरीकडे आझाद गोमंतक दलाच्या तरुणांनी शस्त्राचा मार्ग पत्करला. त्या दलाचे अस्नोड्याचे बाळा राया मापारी फेब्रुवारी १९५५ मध्ये पोर्तुगीजांच्या कोठडीत मरण पावले; गोवा मुक्तिलढ्यातील पहिले हुतात्मा म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. दोन्ही मार्गांच्या लोकांत एक गोष्ट समान होती. आपण कशासाठी उभे आहोत आणि कोणती किंमत द्यावी लागेल, याविषयी त्यांच्या मनात संदेह नव्हता. त्या निश्चयापुढे शस्त्र असणे वा नसणे ही दुय्यम बाब होती.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. भारताचा १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला आणि गोव्यालाही तोच कायदा लागू झाला. या कायद्याचे १३ वे कलम नवख्याने अवश्य समजून घ्यावे. कारण त्याच्या पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यात आहे. रक्षणासाठी वा खेळासाठी २० इंचांहून आखूड नसलेल्या गुळगुळीत नळीची बंदूक, किंवा खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक, एवढ्यापुरती अर्जदाराकडे कायदा अनुकूल दृष्टीने पाहतो. ठासणीची बंदूक पीकरक्षणास अपुरी आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देण्याचीही त्यात तरतूद आहे. रायफल, रिव्हॉल्व्हर वा पिस्तूल हवे असेल तर मात्र त्यासाठी सबळ कारण दाखवावे लागते.

हा भेद कारकुनी नाही. बारा बोअरची बंदूक म्हणजे काय, हे पाहिले की तो ध्यानात येईल. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी जिच्यात बरोबर बसेल ती नळी बारा बोअरची. तिचा व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर असतो. तिच्यातून सुटलेले छर्रे पसरतात आणि ३५ ते ४० मीटरांपलीकडे त्यांचा जोर झपाट्याने ओसरतो. रायफलीची गोळी चुकली तर ती डोंगर ओलांडून पलीकडच्या वाडीपर्यंत जाऊ शकते. पिस्तूल आखूड असल्याने हाताच्या किंचित हालचालीने त्याचा नेम ढळतो आणि त्याचे तोंड नकळत आपल्याच माणसाकडे वळते. नवख्या हाताला लांब नळीचे, दोन्ही हातांनी धरावयाचे, थोड्या पल्ल्याचे शस्त्र अधिक निर्धोक, हे अनुभवाचे सार कायद्याने आपल्या भाषेत सांगितले आहे.

तरीही भीती मनुष्याला लहान शस्त्राकडे ओढते. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने स्त्रियांच्या रक्षणासाठी म्हणून 'निर्भीक' नावाचे सुमारे अर्धा किलो वजनाचे रिव्हॉल्व्हर काढले, तेव्हा त्याची किंमत सव्वा लाख रुपयांच्या घरात होती. पर्समध्ये मावणारे शस्त्र ही कल्पना आकर्षक खरी. परंतु पर्समधून ते काढून नेम धरण्याइतका अवकाश हल्लेखोर देईल काय, हा प्रश्न किमतीच्या पत्रकात सुटत नाही.

तेव्हा पेडण्याच्या त्या तरुणाने प्रथम स्वतःला विचारावे, मला रक्षण कशापासून हवे आहे? पिकाचे असेल तर बांधावरचा आवाज हेच मुख्य शस्त्र. रानडुक्कर काय किंवा गोव्याचा राज्यप्राणी असलेला गवा काय, दोघांनाही १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. स्वतःच्या वा दुसऱ्याच्या जिवाच्या रक्षणासाठी सद्हेतूने केलेले कृत्य तेवढे गुन्हा ठरत नाही. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. आणि घराचे रक्षण हवे असेल तर भक्कम दार, जागता कुत्रा, अंगणातील दिवा आणि शेजाऱ्याचा दूरध्वनी यांची व्यवस्था बंदुकीच्या आधी करावी.

इतके करूनही बंदूक घ्यावयाची ठरली, तर तिच्याबरोबर येणारी बंधनेही घरात आणावीत. अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे लागते, पोलिसांची चौकशी होते, आणि २०१६ च्या नियमांनी शस्त्र हाताळण्याचे शिक्षणही आवश्यक केले आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस दोनच बंदुका ठेवता येतात. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करण्याचा आदेश येऊ शकतो. असा आदेश काजूच्या ऐन हंगामात आला की बागायतदाराची अडचण होते; छाननी समितीकडे सवलत मागण्याची वाट आहे, ती त्याने वेळीच धरावी. ठासणीची बंदूक एकदा भरली की सहज रिकामी करता येत नाही. बार तरी काढावा लागतो, नाहीतर ठासलेला माल सावधपणे उपसावा लागतो. भरलेली बंदूक कुडाला टेकवून झोपी जाणे, म्हणजे जी आपत्ती बाहेर थोपवावयाची तिलाच घरात बिऱ्हाड देणे होय. काडतुसे एका कुलपात, बंदूक दुसऱ्या कुलपात आणि दोन्ही किल्ल्या मुलांच्या हाताबाहेर, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा. आणि अंधारात नुसत्या सळसळीवर कधीही बार काढू नये. झुडपामागे डुक्कर असेल, तसाच शेजारचा राखण्याही असेल.

श्रोतेहो, या भागातील प्रत्येक गावाला एक राखणदार असतो, अशी श्रद्धा आहे. वर्षातून एकदा त्याला राखण देतात. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी त्यामागील कल्पना विचार करण्याजोगी आहे. राखण ही साऱ्या शिवाराची असते, एकट्या घराची नसते. चार शेतकऱ्यांनी पाळीपाळीने जागावे, एकाच्या परवान्याच्या बंदुकीने गरज पडल्यास आवाज करावा, आणि उरलेल्यांनी डबे व दिवट्या घेऊन साथ द्यावी, ही रीत कोणत्याही दुनळीहून अधिक पीक वाचविते. ज्या घराला यापुढेही बंदुकीची गरज उरेल, त्याने लांब नळीची साधी बंदूक घ्यावी, ती हाताळण्यास नीट शिकावे, आणि ती न वापरताच हंगाम पार पडला तर तेच तिचे सार्थक मानावे.