मोटारहोमचे टायर : निवड आणि हवेचा दाब

स्वयंपाकाचा ओटा, बिछाने, शौचालय आणि पाण्याची टाकी घेऊन धावणारे मोटारहोम हे अमेरिकेत दीर्घ सुट्टीचे परिचित वाहन आहे. वर्षातले काही आठवडे ते हजारो किलोमीटर धावते आणि उरलेले महिने अंगणात उभे राहते. त्यामुळे त्याचे टायर झिजण्याआधीच बहुधा म्हातारे होतात. नक्षी नव्यासारखी दिसते म्हणून मालक निर्धास्त असतो आणि ऐन उन्हाळ्यात महामार्गावर टायर फुटतो. मागच्या चाकाचा टायर फुटला की त्याच्या चिंध्या चाकावरची लाकडी जमीन, पाण्याचे नळ आणि विजेच्या ताराही फाडून नेतात.

टायरचे वय त्याच्या कडेवरच लिहिलेले असते. २००० पासून ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या संकेतांकाचे शेवटचे चार अंक उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मात्र हा पूर्ण संकेतांक टायरच्या एकाच बाजूवर असतो आणि ती बाजू पुष्कळदा आत वळलेली असते. तो वाचण्यासाठी गाडीखाली शिरावे लागले तरी कंटाळा करू नये. रबरातील संरक्षक द्रव्ये टायर फिरत असताना पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या गाडीत ही क्रिया थांबते आणि ऊन व ओझोन यांमुळे कडेला बारीक भेगा पडतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी तज्ज्ञाकडून तपासणी आणि नक्षी शिल्लक असली तरी दहाव्या वर्षी निवृत्ती, असा मिशेलिनचा सल्ला आहे. जाणते मोटारहोमधारक सहा-सात वर्षांतच टायर बदलतात. नवे घेतानाही दुकानदाराला आधी उत्पादनाची तारीख विचारावी. गोदामात दोन वर्षे पडून राहिलेला टायर ‘नवा’ म्हणून का घ्यावा?

निवडीत आकारापेक्षा भारक्षमतेकडे अधिक लक्ष हवे. फोर्ड ई-४५० या सांगाड्यावर बांधलेले मध्यम मोटारहोम हे चांगले उदाहरण आहे. त्याला एलटी २२५/७५ आर १६ या मापाचे सहा टायर लागतात : पुढे दोन, मागे जोडीने चार. ‘ई’ भारश्रेणीचा हा टायर ८० पीएसआय दाबाला एकटा १२१५ किलो, तर जोडीत ११२० किलो पेलतो. म्हणजे मागच्या चार टायरांची एकत्रित क्षमता ४४८० किलो झाली. त्या आसाची अधिकृत मर्यादा सुमारे ४३५५ किलो आहे. मधली शिल्लक उणीपुरी सव्वाशे किलोची, म्हणजे दीडशे लिटरच्या पाण्याच्या टाकीहूनही कमी! त्याच मापाचा पण ‘डी’ श्रेणीचा स्वस्त टायर ६५ पीएसआयला जोडीत ९७५ किलोच उचलतो. तो रिमवर चपखल बसेल. भार मात्र पेलणार नाही. युरोपात अशा गाड्यांसाठी ‘सीपी’ खुणेचे खास टायर मिळतात.

दाबाबाबत सर्वात मोठा गैरसमज टायरच्या कडेवरील आकड्याचा आहे. कमाल भार पेलण्यासाठी लागणारा दाब तो सांगतो. आपल्या गाडीला किती हवा भरावी हे त्यावरून ठरत नाही. चालकाच्या दरवाजाजवळच्या पट्टीवरील दाब आसावर पूर्ण मर्यादेइतका भार आहे असे गृहीत धरून दिलेला असतो. प्रत्यक्ष भार कळण्याचा मार्ग एकच : पाणी, इंधन, सामान आणि माणसे यांसह गाडी वजनकाट्यावर नेणे. शक्य तर प्रत्येक चाकाचे वजन वेगळे घ्यावे, कारण फ्रीज, जनरेटर किंवा बाहेर सरकणारी खोली एकाच बाजूला असली की डावे-उजवे वजन जुळत नाही. मागच्या आसाच्याही मागे लादलेले सामान तर तरफेप्रमाणे त्या आसावर आपल्या वजनाहून अधिक भार टाकते. सर्वात जड चाकाचे वजन घेऊन उत्पादकाच्या भार-दाब तक्त्यातून दाब काढावा आणि त्या आसावरील सर्व टायरांत तोच ठेवावा. प्रवास आरामशीर व्हावा म्हणून दाब उतरवणे धोक्याचे असते. कमी हवेने टायरच्या कडा सतत दुमडतात, आतील उष्णता वाढते आणि नक्षीचा थर पोलादी पट्ट्यांपासून सुटू लागतो.

२००० मध्ये अमेरिकेत फायरस्टोनचे सुमारे ६५ लाख टायर परत घेतले गेले, त्यामागे हेच थर सुटणे होते. फोर्ड एक्सप्लोररच्या त्या अपघातांत २७१ बळी गेल्याची नोंद झाली. बांधणीत दोष होताच. पण फोर्डने सुचवलेला २६ पीएसआय हा कमी दाबही वादात सापडला. त्यानंतरच्या कायद्याने दाब घटताच सूचना देणारी यंत्रणा नव्या गाड्यांना सक्तीची झाली. मात्र ४५३६ किलोंहून जड वाहने तिच्या कक्षेबाहेर राहिली. मोठ्या मोटारहोमला ती स्वखर्चाने बसवावी लागते.

दाब नेहमी थंड टायरचा मोजावा, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी राहिल्यावर आणि ऊन चढण्यापूर्वी. तापमान साडेपाच अंश सेल्सिअसने वाढले की दाब सुमारे दोन टक्के वाढतो. कोलोराडोच्या डोंगरात पहाटे बरोबर असलेला आकडा ॲरिझोनाच्या वाळवंटात दुपारी बराच वर गेलेला दिसेल. तो पाहून हवा सोडणे ही नवख्यांची हमखास चूक. टायर थंड होताच दाब गरजेहून खाली येतो.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. टेम्पो किंवा बसच्या सांगाड्यावर घर बांधले की रिकाम्या गाडीचा हिशेब इथेही निरुपयोगी ठरतो; पण गावोगावी वजनकाटा आहे आणि पुढचा व मागचा आस वेगवेगळा तोलता येतो.

जोडचाकांत आतल्या टायरची हवा गेली तरी गाडी सरळ चालत राहते आणि बाहेरचा टायर दुप्पट भार मुकाट्याने वाहतो. चालकाला ते कळते तेव्हा बहुधा दोन्ही गेलेले असतात. आतल्या टायरचा व्हॉल्व हाताशी यावा म्हणून धातूची लांब नळी बसवून घ्यावी आणि तपासणीची सुरुवात रोज त्याच टायरपासून करावी.