मुंबईची पेटी आणि तिचा पेटीगर

मुंबईच्या कामगारांचा इतिहास सांगावयाचा म्हणजे गिरणीच्या भोंग्यापासून आरंभ करावयाचा, अशी आम्हा चळवळीतल्या मंडळींची रीत आहे. कावसजी दावर यांनी इथली पहिली कापडगिरणी काढली ती १८५४ साली. परंतु त्याआधी तीन वर्षे, १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात, मुंबईच्या हातांची कीर्ती लहानशा लाकडी पेट्यांनी नेली होती.

‘बॉम्बे बॉक्स’ या नावाने ही पेटी विलायतेत ओळखली जाई. कोणी तीत शिवणाचे सामान ठेवी, कोणी पत्रे. मायदेशी परतणारा इंग्रज अंमलदार हिंदुस्थानची आठवण म्हणून ती बरोबर नेई. तिच्यावरील जडावकामास ‘सादेली’ म्हणतात. इराणातील शिराझहून सिंध-गुजरातेच्या वाटेने ही विद्या आली असे मानतात. सुरत व मुंबई येथे ती रुजली. पारशी कारागिरांचा तीत मोठा वाटा होता.

हे काम होते कसे? हस्तिदंत, पांढरा आणि हिरवा रंगविलेला, काळे आबनूस, पतंगाचे तांबूस लाकूड, सांबरशिंग, आणि कथलाची तार. यांच्या बारीक तिकोनी-चौकोनी काड्या तासावयाच्या. नक्षीच्या हिशेबाने त्या सरसाने जोडून, दोऱ्याने आवळून एक जुडी बांधावयाची. सरस वाळला की जुडी करवतीने आडवी कापावयाची. अळूवडीचा उंडा कापताना जसे प्रत्येक वडीवर तेच वेटोळे दिसते, तशी प्रत्येक चकतीवर तीच चांदणी उमटते. या पातळ चकत्या चंदनाच्या पेटीवर चिकटवून घासल्या, की आरशासारखा सपाट पृष्ठभाग तयार होतो.

पाहणारा म्हणतो, केवढी ही चिकाटी! आम्ही म्हणतो, केवढा हा हिशेब! एक काडी केसभर चुकली तर ती चूक प्रत्येक चकतीवर उतरणार. एका जुडीतून अनेक एकसारख्या चांदण्या काढणे म्हणजे यंत्राशिवाय केलेले घाऊक उत्पादनच होय. हे भूमितीचे ज्ञान पुस्तकातून आलेले नाही, ते बापाच्या हाताखाली बसून आले.

मग या ज्ञानाच्या धन्यास काय मिळाले? १८८१ चा कारखाना कायदा शंभर किंवा अधिक माणसे यंत्रशक्तीवर राबत असतील तेथेच लागू होई. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारपुढे ठेवला. १८९० साली गिरणीत रविवारची सुटी आली. जेथे माणसे हजारांनी जमतात तेथे संघटना वाढते, हे साहजिकच आहे. पण घरच्या ओट्यावर करवत चालविणारा पेटीगर कायद्याच्याही बाहेर राहिला आणि संघटनेच्याही. त्याच्या कामाचे तास मोजले ते दिव्यातल्या तेलाने.

आज या पेट्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जपून ठेवल्या आहेत. अशा वस्तूंच्या चिठ्ठीवर लाकूड, गाव आणि काळ असतो; करणाऱ्याचे नाव बहुधा नसते. धंद्याची खूण ‘पेटीगरा’ या आडनावात मात्र उरली आहे. १९९१ च्या कायदादुरुस्तीने आफ्रिकी हस्तिदंताचाही व्यापार आपल्या देशात बंद झाला. ते योग्यच झाले, हत्ती वाचला पाहिजे. परंतु कच्चा माल बंद करताना कारागिराच्या पोटाची तरतूद कोणी केली, हा प्रश्न उरतोच.

कायद्याला घरचा उंबरठा ओलांडता येत नाही, असे कोणी म्हणू नये. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार मानले. तिला जे मिळाले ते करवतीवर वा सुईवर घरी बसून राबणाऱ्या प्रत्येकास मिळावे, एवढेच आमचे मागणे आहे. पेटीची किंमत जगाने केव्हाच ठरविली; पेटीगराची ठरवावयाची आहे, आणि ते काम आपल्याकडे आहे.